छत्रीमागून

सासू : चुकीची बस म्हणजे काय? कारखान्याच्या दारातूनच निघाली ना?

सून : निघाली हो. पण आपल्याकडे यायला नाही निघाली. आई, हळू बोला. बसमध्ये ऐकू जातंय.

सासू : जाऊ दे की. आपलं बोलणं इथे कुणाच्या बापाला कळतंय?

सून : माझा डोळा लागला होता. उघडून बघते तर दोन्ही बाजूंना नुसतं रान. घर नाही, दिवा नाही, पाटी नाही. असली तरी मला वाचता कुठे येते म्हणा.

सासू : बसमध्ये कोण कोण आहे?

सून : बऱ्याच बायका होत्या. उतरत गेल्या वाटतं. आता ड्रायव्हर, मी आणि अगदी मागच्या सीटवर एक माणूस.

सासू : कसा आहे?

सून : मला काय माहीत कसा आहे. बघतोय.

सासू : कुणाकडे?

सून : आई!

सासू : बरं, बरं. बाळ्याला लावलास फोन?

सून : बंद येतोय. ह्यांना फिरतीवर कधी फोन लागलाय? मशीन बसवायला आत गेले की फोन बाहेर जमा करून घेतात. आणि ते तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला. लागला तरी काय करणार?

सासू : आता घाबरू नकोस. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बस. पिशवी मांडीवर घे. पण तू चढलीसच कशी? रोज जातेस-येतेस, आंधळी आहेस का?

सून : दारात सगळ्या बस सारख्याच उभ्या असतात. पांढऱ्या. समोर गावाचं नाव, तेही त्यांच्या अक्षरांत.

सासू : शिकले म्हणाली होतीस अक्षरं.

सून : म्हणाले होते.

सासू : मग इतके दिवस येत कशी होतीस?

सून : छत्रीच्या मागून.

सासू : काय?

सून : आपल्या कोपऱ्यावर एक बाई उतरते. तिची निळी छत्री आहे, पिवळ्या काठाची. सुटलं की मी ती छत्री शोधायची आणि तिच्या मागून चढायची. आजही तसंच केलं. चढले, बसले, झोपले.

सासू : मग ती बाई कुठे आहे?

सून : ती नव्हतीच. छत्री तीच, बाई दुसरी. कंपनीने आज सगळ्यांना छत्र्या वाटल्या, आई. निळ्या. पिवळ्या काठाच्या.

सासू : सगळ्यांना?

सून : सगळ्यांना.

सासू : म्हणजे तुलाही?

सून : पिशवीत आहे.

सासू : धन्य आहेस. गोळ्यांच्या पाकिटात एक गोळी कमी असली तर शोधून काढतेस म्हणे, आणि...

सून : टोमणे घरी आल्यावर मारा. चिमीचं काय करायचं ते सांगा आधी. पाळणाघर बंद व्हायची वेळ झाली. मागच्या वेळी मला जरासा उशीर झाला तर त्या बाई वॉचमनच्या खुर्चीवर तिला बसवून निघून गेल्या होत्या. अंधारात एकटी बसली होती माझी पोर. वॉचमन कुठे तरी विडी ओढत होता. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

सासू : मला कशाला सांगशील.

सून : आई, आता ते नको.

सासू : नाही काढत. मी जाते.

सून : तुम्ही? तुम्ही कशा जाणार? तुमचा गुडघा, तो मोठा रस्ता... आल्या आल्या खाली उतरलात आणि चुकलात, ह्यांनी केवढा आरडाओरडा केला होता. त्यानंतर उंबरा ओलांडला नाहीत तुम्ही.

सासू : चपला घालतेय. बोलत राहा.

सून : बरं, नीट ऐका. जिना उतरलात की डावीकडे. सरळ चालत राहायचं, औषधांचं दुकान येईल...

सासू : तिथून लांब पडतं. मी शिंप्याच्या बोळातून जाते.

सून : कुठला शिंपी?

सासू : आणि तुझी ती छत्रीवाली सकाळीही नव्हती आली. तेव्हाच लक्षात घ्यायचं होतंस. पण तू बसमध्ये चढलीस तीच फोनमध्ये डोकं घालून.

सून : तुम्हाला कसं माहीत?

सासू : खिडकीतून दिसतं.

सून : आपली खिडकी मागच्या भिंतीवर उघडते, आई.

सासू : जिना उतरतेय, जरा थांब. दम लागतो.

सून : आई.

सासू : अगं येते मी तुमच्या मागून. रोज सकाळी. तू चिमीला सोडतेस, कोपऱ्यावर जातेस, बसमध्ये चढतेस. मी शिंप्याच्या दुकानाशी उभी राहते. बस गेली की परत येते.

सून : रोज?

सासू : तुझ्या बसच्या मागच्या काचेला तडा आहे. त्यावर आडवी चिकटपट्टी मारलीय. ड्रायव्हर गळ्यात मफलर घालतो. आज होता का मफलर?

सून : बघितलंच नाही. हा टकला आहे.

सासू : मग तो नाहीच.

सून : पण का? मागून कशाला यायचं? हाक मारायचीत.

सासू : हाक मारली असती तर तू बाळ्याला सांगितलं असतंस, आणि त्याने दाराला बाहेरून कडी लावली असती. माझ्याच काळजीने लावली असती, तो काही वाईट नाही.

सून : मी नसतं सांगितलं.

सासू : सांगितलं असतंस. चिमीला पाळणाघरात टाकायचं तुम्ही दोघांनी मिळूनच ठरवलंत ना? आईला झेपणार नाही म्हणून. मी पलीकडच्या खोलीत जागीच होते.

सून : तुमच्या गुडघ्यासाठीच ठरवलं, आई.

सासू : आणि का म्हणून विचारतेस? चिमीचे आजोबा जन्मभर फिरतीवर. सकाळी बॅग घेऊन निघायचे, मी स्वयंपाकघरातूनच 'बरं' म्हणायचे. शेवटच्या वेळीही मी तेवढंच म्हणाले. कुठल्या गाडीने गेले, कुणाच्या शेजारी बसले, काही बघितलं नाही. परत आली ती फक्त बॅग. आता बाळ्या फिरतीवर, तू त्या बसमध्ये. इथे मला एक ओळखीचं दार नाही. तू परत आली नाहीस तर मी कुणाला काय विचारणार? निदान बस कुठली एवढं तरी सांगता यावं.

सून : आई, दिवे बंद केले.

सासू : कुणी?

सून : ड्रायव्हरने. आतले दिवे. आणि रस्ता बदललाय. कच्चा रस्ता लागला, खडखडतंय सगळं.

सासू : दिवे वाचवत असेल. खडूस असतात. काचेतून बघ काही दिसतंय का.

सून : माझंच तोंड दिसतंय.

सासू : तो मागचा?

सून : उठलाय. पुढे येतोय.

सासू : फोन ठेवू नकोस. कानाला लाव आणि मोठ्याने बोल. हसत बोल. घरी दहा माणसं वाट बघत असल्यासारखी बोल.

सून : हो का! मामा पण आलेत का! आणि... आई, मला नाही सुचत.

सासू : म्हण, पोलिसातले मामा आलेत.

सून : त्याला मराठी कुठे कळतंय!

सासू : तेही खरंच. काय करतोय?

सून : माझ्या पलीकडच्या सीटवर बसला. काहीतरी बोलतोय माझ्याशी. मला नाही कळत. बाहेर बोट दाखवतोय. आई, माझी बॅटरी लाल झालीय. तुम्ही कुठे आहात?

सासू : मोठ्या रस्त्याशी. गाड्या थांबतच नाहीत मेल्या.

सून : हळू चाला. फोन पिशवीत टाका आणि दोन्ही बाजूंना बघा. माझ्याशी नका बोलू. आई? ऐकू येतंय का? हॉर्न कसला वाजला? आई!

सासू : आले पलीकडे. मला शिव्या घालून गेला एक. बरं झालं कळल्या नाहीत.

सून : फाटक उघडं आहे का? दिवा आहे?

सासू : आहे. चिमी, ये बाळा. ये गं माझी राणी. या बाईही निघाल्यात, कुलूप हातातच आहे. आहे, आहे, पोर माझ्यापाशी आहे.

सून : ती तुमच्याकडे देतेय? ओळख नाही, पाळख नाही...

सासू : देतेय बाई. का देतेय ते मग सांगते.

चिमी : आई! आजीने मला घेतलं!

सून : हो गं सोन्या.

सासू : हिला सगळी भाषा येते इथली. आत्ता माझ्यासमोर त्या बाईंशी फाडफाड बोलली. अगं, त्या माणसाला फोन दे. हिच्याशी बोलू दे.

सून : तिच्याशी? साडेचार वर्षांच्या पोरीशी?

सासू : तुझ्या-माझ्यात दुसरं कोण आहे बोलणारं? दे लवकर, बॅटरी जाईल. चिमी, एक काका बोलतील. नीट ऐक आणि आजीला सांग.

चिमी : हॅलो. ... हो. ... हो. ... चिमी.

सासू : काय म्हणतो? नाव कशाला सांगितलंस?

चिमी : काका म्हणतो, आईने उतरायचं नाही. त्याने उतरूच द्यायचं नाही असं ठरवलंय.

सासू : काय? का? विचार, का म्हणून!

चिमी : आजी, काका गेला. फोनमध्ये कुणीच नाही.

सासू : हॅलो? हॅलो! अगं पोरी, बोल ना! हॅलो!

चिमी : आजी, आईचा फोन कुठे गेला?

सासू : कुठे जातोय. झोपला.

चिमी : तू हसत का नाहीस?

सासू : म्हातारी झालेय मी.

चिमी : दुपारी जाळीतून खाऊ दिलास तेव्हा हसत होतीस.

सासू : ते आईला सांगायचं नाही असं ठरलं होतं ना?

चिमी : मी नाहीच सांगितलं. बाईंनी पण नाही सांगितलं.

सासू : शहाणी आहेस. चिमी, तो काका कसा बोलत होता? रागावून?

चिमी : ओरडून. बसचा खूप आवाज येत होता. मग खोकला.

सासू : खोकला. बरं. आणखी काय म्हणाला? नीट आठव हं.

चिमी : म्हणाला, तिथे कुणी नसतं.

सासू : कुठे?

चिमी : जिथे बस थांबते. आजी, तू माझा हात घट्ट धरलास. दुखतं.

सासू : नाही धरत. चल.

चिमी : आपलं घर आलं की. चल ना वर.

सासू : इथून रस्ता दिसतो. इथेच उभी राहू जरा.

चिमी : तू देवाशी बोलतेस का?

सासू : नाही गं. त्या मागच्या माणसाशी बोलतेय. म्हणते, बाबा रे, तुझ्याही घरी कुणी वाट बघत असेल.

(बऱ्याच वेळाने सासूचा फोन वाजतो. नंबर अनोळखी.)

सासू : कोण? कोण बोलतंय?

सून : मीच. आई, मीच आहे.

सासू : हा कुणाचा नंबर? कुठे आहेस? कुणी काही केलं तर नाही ना? खरं सांग.

सून : कुणी काही नाही केलं. कारखान्याच्या दारात आहे. फोन त्या मागच्या माणसाचाच आहे.

सासू : तो म्हणत होता, उतरू देणार नाही.

सून : नाहीच दिलं. शेवटचा थांबा म्हणजे नुसता एक खांब आहे, आई. चहूकडे काळोख. मी घाबरून उतरायलाच निघाले होते, तर दारात हात आडवा लावून उभा राहिला. मी किंचाळले. ड्रायव्हर बिचारा घाबरला. मग मागून टॉर्च घेऊन बायका आल्या, रात्रपाळीच्या. त्यांना घेऊन हीच बस परत कारखान्यात जाते. हा माणूसही रात्रपाळीचा, मी झोपले असताना वाटेत चढलेला.

सासू : आणि मी त्याला मनातल्या मनात काय काय केलं. जिवंत पुरला.

सून : मी छत्रीने मारलं.

सासू : काय?

सून : हातावर. नवी छत्री मोडली. तो हसला, मग खोकला. मग फोन दिला, म्हणाला असावा, घरी लाव.

सासू : आता कुठल्या बसमध्ये बसतेयस? नीट बघ.

सून : बसलेय. बसण्याआधी मागे जाऊन आले. काचेला तडा आहे, त्यावर चिकटपट्टी आहे. हात लावून बघितलं. मफलरवाला समोर चहा पितोय, उशिरा सुटणाऱ्यांना सोडायला निघेल आता. आणि आई, खूप भीती वाटतेय अजून.

सासू : वाटू दे. वाटली की झोप येत नाही. झोपू नकोस.

सून : नाही झोपत. त्याला फोन द्यायचाय आता, पाळी सुरू होतेय त्याची. तुम्ही वर जा. चिमीला झोप आली असेल.

सासू : आम्ही कोपऱ्यावर येतो. शिंप्याच्या दुकानाशी. त्याच्या पायरीवर बसता येतं.

सून : ह्यांना सांगायचं का हे सगळं?

सासू : मशीन बसवून येऊ दे आधी. आणि ऐक. उद्यापासून मी तुझ्या मागून यायची नाही.

सून : अहो, नाही सांगत मी कुणाला. या तुम्ही.

सासू : येणार तर आहेच. पण पुढून. मी पुढे चालते, तुम्ही दोघी मागून या. तुला काही दिसत नाही, बाई.

सून : बरं. पण हळू चाला, आई.