शिवलिंगचा मेल सगळ्यांना गेला

मेलिंग लिस्ट बरी की फोरम, हे आमच्या शिवलिंगला कधी विचारू नका. कावून ते सांगतो.

बीडला आम्ही दोघांनी कॉम्प्युटर क्लास काढलता. सगळ्या मशीनवर फुकटातलं लिनक्स. पहिल्या बॅचला प्रमाणपत्रं द्यायची होती, गावागावांतून पोरांचे आईबाप यायचे होते, आणि ऐन वेळी प्रिंटर रुसला. मी लिनक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर इंग्रजीत मदत मागितली. डी. के. म्हणून कुणी होता, त्याचं उत्तर आलं, "आधी सोबतची माहिती नीट वाचा, मग विचारा."

शिवलिंग तेव्हा जाड कागद आणायला औरंगाबादला गेलता. तोही त्या लिस्टवर होता. तिथल्या सायबर कॅफेत त्यानं ते उत्तर वाचलं आणि भडकला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून मला पाठवलं, "हा गोरा लई शहाणा हाय. ह्याला उसाच्या फडात आणून सोड, मग कळंल." त्याला वाटलं, हे मला एकट्यालाच जाईल. पण लिस्टवर दिलेलं उत्तर सगळ्यांनाच जातं. जगभर गेलं.

तासाभरात डी. के.चा मेल, तोही मराठीत.

"गोरा न्हाई बे, काळे हाय. दत्ता काळे, बीडकडच्या तलवाड्याचा. फड आमचाच हाय, कवाबी ये. आता सांगतो तसं कर."

खाली प्रिंटरचा इलाज लिहिला होता. तसं केलं आणि प्रिंटर खडखडत सुरू झाला.

पुढं मेलऐवजी वेबसाइटवर लिहायचे फोरम निघाले, तर शिवलिंग सगळ्यांच्या आधी तिकडं पळाला.

म्हटलं, "कावून बे?"

"तिथं लिहिलेलं पुसता येतं."