सुभेदाराचा मागचा डावा पाय

“हॅलो?… हां आजी, बोला… बोला की, ऐकू येतंय… आवं मला येतंय, तुमाला येत न्हाई. फोन उलटा धरला असंल. फिरवा… फिरवला?… हां. आता?”

“पण तुमी फोन कशाला केला? परवा डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आठ दिवस फोनकडं बघू नका म्हटलंय डॉक्टरनं… बघत न्हाई, नुसतं ऐकताय. बरं. नंबर मग कुणी लावला?… प्रांजलनं. संयोगिताताईला कळलं तर नात आन् आजी दोघी बी बोलणी खाताय.”

ऋषिराज कराडातल्या जनावरांच्या खाजगी दवाखान्यात बाकड्यावर बसला होता. मांडीवर मिक्सरचं खोकं. खोक्यावर मिक्सरचं रंगीत चित्र आणि ‘दोन वर्षांची वॉरंटी’, खोक्यात बनुआजींचा बोका. बनुआजी त्याच्या शेजारच्या. मोतीबिंदू काढायला सांगलीला लेकीकडं, संयोगिताकडं जाताना घराची किल्ली, पाण्याची मोटर आणि बोका अशा तीन गोष्टी त्या ऋषिराजच्या हवाली करून गेल्या होत्या. सैन्यभरतीच्या धावण्यात चार सेकंदांनी हुकल्यापासून गावात त्याच्या हवाली कुणी काही केलेलं नव्हतं. पहिलीच जबाबदारी, आणि तिसऱ्याच दिवशी ती खोक्यात.

“कुठं म्हंजे? कराडला आलोय… आवं, सकाळी आदी गावच्या सरकारी दवाखान्यातच गेलतो की. डॉक्टर लस टोचाय बाहेर. तितला माणूस म्हणतोय, रजिस्टरात गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी आन् कोंबडी एवढंच हाय. मांजराला रकाना न्हाई… मी म्हटलं, शेळीत घाला. तर म्हणतोय, शेळीच्या कानात बिल्ला पायजे… न्हाई आजी, चेष्टा न्हाई. शेवटाला त्येला दया आली. म्हणाला, म्हशीचं औषध हाय, वजनाच्या हिशेबानं पाज. म्हैस चारशे किलो, ह्यो तीन किलो. मी हिशेब करत बसलो तवर ह्यो ओकला. मग मारली गाडीला किक.”

“न्हाई, पिशवीत न्हाई. खोक्यात. भोकं पाडल्यात… तुमच्याच मिक्सरच्या. मिक्सर वर फळीवर ठेवलाय, फडक्यात गुंडाळून… व्हय, भांड्यांसकट.”

“नाव? नाव तेच सांगितलं. सुभेदार. दुसरं काय सांगू?”

नावावरून मगाशी इथंही घोटाळा झाला होता. बनुआजींचे मालक पलटणीतून हवालदार म्हणून घरी आले. पुढची बढती त्यांना सरकारनं दिली नाही, ती आजींनी बोक्याला दिली. त्यामुळं दवाखान्यातल्या पप्पूनं ‘सुभेदार, वजन करून घ्या’ असं पुकारलं, तेव्हा पॉमेरियन घेऊन बसलेले एक निवृत्त सुभेदार उठले आणि ताठ मानेनं काट्यावर उभे राहिले. अठ्ठ्याहत्तर किलो. पप्पूनं ते बोक्याच्या केसपेपरवर लिहिलं. मग वर बघितलं आणि खोडलं.

“पाय?… सांगतो की. हितल्या पप्पूदादानं बघितला. म्हणाला, असलं लय बघितल्यात. मागचा डावाच. हाड एका जागी गेलंय म्हणाला, प्लास्टर घालत्यात… सहा आठवडं. मग पळतोय म्हणाला… पळंल की. त्येला काय भरती व्हायचंय?”

“न्हाई, ज्ञानूला काय बोलू नका. त्येला काय म्हाईत, ह्यो ट्रॉलीच्या चाकाच्या सावलीला झोपलाय. उसानं भरलेली ट्रॉली, मागं घेताना दिसतंय व्हय? कालपास्नं दोनदा येऊन गेला बिचारा. जेवण गेलं न्हाई म्हणत व्हता. म्हंजे जेवला, पण गेलं न्हाई म्हणाला.”

“आता? आता पडलाय गप. तोंड जरा सुजलंय… व्हय, तोंड. पाय मागचा आन् सुजलंय तोंड, मला बी तसंच वाटलं. पुढचं पंजे बी फुगल्यात. थंडीनं असंल… काय?… गोळी? ती तापाची पांढरी, व्हय, डब्यातली… थांबा आजी, नंबर आला. फोन धरा… न्हाईतर ठेवा, मी लावतो… बरं, धरा.”

डॉक्टर श्रद्धा त्याच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी खोक्यातून सुभेदाराला दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं, आणि पायाकडं बघितलंच नाही. वरचा ओठ अंगठ्यानं उचलला. हिरड्या गुलाबी असायला पाहिजेत. त्या चॉकलेटी होत्या. पप्पूला त्यांनी ऑक्सिजन आणायला सांगितलं आणि ऋषिराजला विचारलं, घरी काही दिलंय का, गोळी वगैरे.

ऋषिराजनं फोन छातीला दाबून धरला.

“अर्धीच दिली, मॅडम. काल संध्याकाळी, दुधातनं… ही. माणसं खात्यात तीच. ताप, अंगदुखी… ह्येची आजी हाय सांगलीला, ती म्हणाली फोनवर. तिला बरं वाटतंय हिनं… पंधरा तास झालं असत्याल… म्हंजे? पायामुळं न्हाई?”

डॉक्टर आवाज न चढवता बोलल्या. माणसाची ही गोळी मांजराला विष. त्याच्या अंगात ती जिरत नाही, रक्तात हवा न्यायची ताकद राहात नाही. एवढ्याशा जिवाला अर्धी म्हणजे खूप झाली. पाय सहा आठवड्यांत बरा झाला असता, पायाचं काहीच नव्हतं. त्यांनी सुभेदाराच्या नाकाशी नळी धरली, पप्पूला धरायला लावली, आणि काल संध्याकाळी द्यायला हवं होतं ते इंजेक्शन आज भरता भरता म्हणाल्या की प्रयत्न करते, पण आशा धरू नका.

टेबलाच्या कडेला उरलेली अर्धी गोळी पडली होती. बनुआजींच्या अडकित्त्यानं त्यानं ती कापली होती. बरोब्बर मधोमध, एक कणही न सांडता. काल संध्याकाळी त्याला त्या कापण्याचा अभिमान वाटला होता.

शर्टातून बनुआजी काहीतरी विचारत होत्या.

“हां आजी… हाय, हाय, हितंच हाय… काय न्हाई, मॅडम वजन विचारत व्हत्या… तीन किलो. मगाशी जरा जास्त लिवलं व्हतं… काय?… ऐकू येतंय. गोळी.”

“न्हाई दिली, आजी.”

“इसरलो… व्हय, सांगितलं व्हतं तुमी… दोनदा… व्हय, डबा कुठं हाय ते बी सांगितलं व्हतं. मेथीच्या डब्याच्या मागं… काय करू, मोबाइलवर क्रिकेट बघत बसलो आन् इसरलो… न्हाई, दुधात बी न्हाई. नुसतंच दूध दिलं.”

“रातभर?… तळमळला असंल की. मला काय म्हाईत, मी झोपलो व्हतो.”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला वाटलं, जरा जास्तच झालं. काल संध्याकाळपासून तो बोक्याशेजारी पोतं टाकून पडला होता, आणि सुभेदार गप झोपलाय बघून गोळी लागू पडली असं मनाशी म्हणत होता. पण आता खोटं बोलायला घेतलंच होतं, तर ते अर्ध्यावर सोडून चालणार नव्हतं.

“व्हय… व्हय, आजी… बरोबर हाय तुमचं… न्हाई, मी कुठं काय म्हणतोय.”

“आजी, जरा ऐकून घ्या. मॅडम म्हणत्यात, आतनं मार लागलाय. श्वास पुरंना त्येला… न्हाई, न्हाई, ज्ञानूचं काय न्हाई त्यात. कालच आणला असता तर वाचला असता. उशीर मी केला. ज्ञानू तर कालच म्हणत व्हता, चल कराडला, मी गाडी काढतो. मीच म्हटलं, बघू उद्या.”

ज्ञानू असं काही म्हणाला नव्हता. तो फक्त न गेलेल्या जेवणाबद्दल बोलला होता.

“बोलायचंय? सुभेदाराशी?… आजी, ह्यो काय बोलणार… बरं, बरं. धरतो कानाला. बोला.”

ऋषिराजनं फोन बोक्याच्या कानाशी धरला. फोनमधून काय आलं ते सुभेदारालाच माहीत. एवढं खरं, की आजी बराच वेळ बोलत होत्या. फोनच्या कडेनं बारीक गुणगुण ऐकू येत होती आणि पप्पू नळी धरून भिंतीवरच्या कुत्र्यांच्या जातींचा तक्ता वाचत असल्याचं दाखवत होता. मध्येच सुभेदाराचा कान हलला. तो आजींच्या आवाजानं हलला की नळीतल्या हवेनं, हे डॉक्टरांनी कुठं लिहिलं नाही.

मग डॉक्टरांनी बोक्याच्या छातीला लावलेला स्टेथोस्कोप काढला, बोक्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि ऑक्सिजनची चावी बंद केली.

“आजी… झालं बोलून?… व्हय, ऐकलं त्येनं. कान हलवला… व्हय, डावाच.”

“आजी, गेला तो… आत्ताच. तुमचं ऐकलं आन् गेला.”

“आजी?… रडू नका. आजी, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं न्हाई म्हटलंय… आतनं आलेलं बी पाणीच की… हातानं पुसू नका. प्रांजलला म्हणावं, त्ये उकळून वाळवलेलं फडकं दे. नुसतं टिपा. चोळू नका.”

डॉक्टर श्रद्धा केसपेपरवर लिहीत होत्या. मृत्यूचं कारण त्याला समोरून उलटं वाचता येत होतं. औषधाचं नाव, काल संध्याकाळची वेळ, पुढं ‘घरी दिले’. हा कागद गावात न्यायचा नाही, हे त्यानं तिथंच ठरवलं. डॉक्टरांनी वर बघितलं, फोनकडं बघितलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं. त्यानं मान हलवली. त्यांनी तोंड मिटलं.

“व्हय, आजी. ऐकतोय… व्हय, एवढंसं काम व्हतं… गोळी दिली असती तर निदान शेवटची रात तरी सुखानं झोपला असता. खरं हाय… न्हाई, कारण न्हाई सांगत. कारण काय न्हाईच.”

“किल्ली?… पलीकडच्या दीपमाला वहिनींकडं. बरं. संध्याकाळीच देतो… मोटर बी त्याच लावत्याल, सांगतो तसं… न्हाई ओ, राग कसला. तुमचं घर, तुमची किल्ली.”

“कुठं पुरू?… आजोबांनी लावलेल्या लिंबाखाली. व्हय… पूर्वेला डोकं. बरं… खोक्यासकट न्हाई, तुमच्या जुन्या लुगड्यात. कुठल्या, त्या हिरव्या?… कळलं. वरच्या खुंटीवर. काढतो, मग किल्ली देतो.”

“पट्टी?… कसली पट्टी?”

“गोळ्यांची, म्हणता.”

ऋषिराज ताठ बसला. बनुआजींच्या रडण्यातही हिशोब पक्का होता. दीपमाला वहिनींची मांजरी दोन दिवसांपासून लंगडत होती. तर राहिलेली पट्टी किल्लीबरोबर दीपमालाकडं द्यायची, ती काही क्रिकेट बघत बसणाऱ्यातली नाही, ती न विसरता अर्धी-अर्धी दुधातून देईल.

“न्हाई… न्हाई, आजी, तिला नको… न्हाई म्हंजे, तिची मांजरी बरी झाली. सकाळी भिताडावरनं उडी मारताना बघितली मी… कवा लंगडत व्हती? मला तर दिसली न्हाई… ऐका की. तुमी वहिनींस्नी फोन करू नका आत्ता. डोळ्याला तरास हुईल.”

“म्हंजे असं हाय, पट्टी मलाच पायजे… मला ताप हाय.”

“कालपास्नं… न्हाई, खोटं कशाला सांगू. आंग मोडून आलंय. म्हणून तर झोप लागली की काल. पट्टी मी घिऊन जातो, सगळी. आता ह्या सहा-सात दिवसांत लागंल मला… न्हाई, दुकानातनं आणत न्हाई. तुमचीच पायजे. तुमच्या गोळीचा गुण येतोय म्हणता नव्हं.”

ऋषिराजनं टेबलावरची अर्धी गोळी उचलून मुठीत धरली. पप्पूनं रिकामं खोकं त्याच्यापुढं सरकवलं, वॉरंटीची बाजू भिंतीकडं करून.

“हां, आजी, हाय… कपाळाला? लावला हात… व्हय, चटका बसतोय… न्हाई, एकाच येळी दोन न्हाई खात… उपाशीपोटी न्हाई. आदी भाकरी, मग गोळी. व्हय… घरी जाऊन. आई हाय की घरात… स्वेटर घातलाय… घातलाय, आजी.”

“तुमी बी फडकं घ्या डोळ्यावर… व्हय… गोळी? कशातनं घिऊ म्हणता?”

“दुधातनं नको, आजी. पाण्याबरुबर घेतो.”

“आजी?… हॅलो?”