नवव्या दिवसापर्यंतची वही

आमचं घर गिरगावातलं, तीन पिढ्या एकाच चाळीत, दुसरा मजला, रस्त्याकडची गॅलरी. दादा, म्हणजे माझे वडील, फोर्टात हेडक्लार्क, त्यामुळे मुलगी एम.एस्सी. करतेय याचं घरात कौतुक आणि तिचं लग्न कधी याची घाई, दोन्ही एकाच तोंडाने. दादरचं स्थळ ठरलेलं. तिकडची मंडळी म्हणाली, प्रबंध होऊ दे, वैशाखात बार उडवू, त्यापुढे थांबणार नाही. म्हणजे शिकायचं ते वैशाखापर्यंत.

विषय काय सांगू तुम्हाला, लोक हसायचे. बोरं. एकाच कुळातली तीन झुडपं, आपलं गावठी बोर, कोकणातलं तोरण आणि वाळवंटातलं खुजं चणीबोर, तिघांचं पाणी एकाच दिवशी तोडायचं आणि कोण किती तग धरतं ते रोज वहीत लिहायचं. संक्रांत झाली, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली, कॉलेज बंद होणार दिसलं, तेव्हा मी बारा कुंड्या व्हिक्टोरियात, म्हणजे घोडागाडीत घालून घरी आणल्या. दादा पुढे बसून ओळखीच्यांची नजर चुकवत होते. कुंड्या आईच्या तुळशीशेजारी मांडल्या. आई म्हणाली, एकीला पाणी घालायचं आणि बाकीच्यांनी बघत बसायचं का गं. मी म्हटलं, हात लावायचा नाही, सांगून ठेवते.

मग कर्फ्यू. तास-दोन तास उठायचा, पुन्हा लागायचा. चाळभर माणसं कोंडलेली, मुलं चिडलेली, भाजी नाही. पाणी तोडल्यापासून चौथ्या दिवशी तोरणाने माना टाकल्या, आठव्या दिवशी गावठी बोर मलूल झालं, आणि चणीबोराने काय करावं, आपणहून पानं गाळून टाकली आणि नुसत्या काट्यांनिशी उभं राहिलं. मला ते फार आवडायचं.

नवव्या दिवशी दुपारी आमच्या रस्त्यावर गोळीबार झाला. एक माणूस चाळीसमोरच पडला, पाणी पाणी म्हणत होता, वर स्पष्ट ऐकू येत होतं. आई तांब्या घेऊन जिन्याकडे गेली. दादा आडवे आले, म्हणाले, गेलीस तर तुलाही गोळी घालतील, चार पोरं आहेत पदरात. दादांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आई गॅलरीत येऊन उभी राहिली, तांब्या हातात तसाच. सगळी चाळ बघत होती, मीसुद्धा. मग गाडी आली, त्याला उचलून घेऊन गेली. तो जगला की गेला, कधी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन गॅलरीत गेले तर बाराही कुंड्या ओल्या. आई तिथेच बसलेली. म्हणाली, मला राहवलं नाही गं. बस, एवढंच.

मला राग आला, खूप आला, आणि राग आला याची लाज वाटली. पुढचे आकडे अंदाजाने भरले असते तर कॉलेजातल्या माझ्या सरांना पत्ताही लागला नसता, पण हात धजेना. सर म्हणाले, नव्या रोपांवर पहिल्यापासून कर, पावसाळ्यानंतर. दादरकर म्हणाले, मुहूर्त हलणार नाही. झालं लग्न. माणसं वाईट नव्हती, जेवायला-ल्यायला कमी पडलं नाही, पण पुढची चाळीस वर्षं मी त्या स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही ती नाहीच.

वही आहे अजून ट्रंकेत, नवव्या दिवसापर्यंत भरलेली. आई जाईपर्यंत आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल बोललो नाही. सुखी असा हो तुम्ही, इतका वेळ बसून ऐकलंत. आणि ते पाणी घ्या आधी, आल्यापासून तसंच ठेवलंय, मला बघवत नाही.