व्याह्यांच्या आधी जेवलो

मुलीचा बाप व्याह्यांच्या आधी जेवलेला कुणी पाहिलाय का? मी जेवलोय.

थोरलीचं लग्न अक्कलकोटला होतं. आचारी म्हणाला, "पानं मांडतोय," म्हणून मी साखरेची गोळी घेतली. ती घेतली की अर्ध्या तासात जेवावंच लागतं. तिकडे वरपक्षाचे फोटो काही संपेनात. मला दरदरून घाम फुटला. मी सरळ पानावर जाऊन बसलो.

धाकटा भाऊ धावत आला. "अण्णा, उठा! व्याही उपाशी हायत. पोरीला जन्मभर ऐकावं लागंल की!"

"आन् मी हितं पडलो तर? वाढ."

दोन घास पोटात गेले, तोच व्याही समोर येऊन उभे राहिले.

"हे काय, व्याही?"

"साखरेची गोळी घेतलीय. थांबता येत न्हाय."

ते वाकले आणि हळूच म्हणाले, "सरका की जरा. मी बी घेतलीय. मानापायी बोलता येईना."

त्यांच्या मागोमाग त्यांचे चार म्हातारे येऊन बसले. पहिली पंगत वरपक्षाचीच झाली, पण माझ्या पाठोपाठ.