एकटी चालवली तेव्हा

आता तुम्हीच सांगा, एका फायलीची टेस्ट चालवायला अख्खा प्रोजेक्ट कशाला उठवायचा? पण नाही... केशवापूरच्या वेदश्रीनं घरी बसून एका फायलीचं नाव टाइप करून एंटर दाबलं, की तो कॉम्प्युटर शेकडो फायली गोळा करणार, त्यांचं एक गाठोडं बांधणार, मग पहिल्यापासून सगळ्यांच्या टेस्ट घेणार, आणि हिची फाइल कुठं, तर पार शेवटाकडं. तिला एकच हवी होती हो, एकच!

काम काय, तर लहान मुलांच्या दवाखान्याचं ॲप. मुलाचं वजन टाका, औषध किती द्यायचं ते दिसतं. त्या हिशेबात तिनं एक ओळ बदललेली, ती बरोबर आहे का एवढंच बघायचं. तिची आई जयलक्ष्मी दारातून डोकावून विचारणार, "एनातु ग, काय झालं, अजून फिरतंयच ते?" आणि टीमचे प्रमुख प्रसाद सर फोनवर शांतपणे, "फिरू दे की. पास होतंय नव्हं?"

होतंय, पण असं का? हा किडा डोक्यात शिरला की वेदश्रीला जेवण सुचत नाही. शोधता शोधता, तुम्हाला सांगतो, गाठोडं बांधणाऱ्या फायलीतच एक ओळ सापडली : नावात 'टेस्ट' असेल त्या सगळ्यांना आत घे. म्हणजे तुम्ही बाहेरून कुणालाही हाक मारा, आत सगळेच बसलेले! तिनं ओळ बदलली. नाव दिलं तर तेवढीच फाइल घ्यायची. एंटर दाबलं, आणि पापणी लवेपर्यंत टेस्ट संपलीसुद्धा.

नापास.

सगळ्यांबरोबर पास, एकटी नापास... असं कसं? तिनं हिशेबातला आपला बदल काढून बघितला, तरी नापास. मग लागली खणायला. या टेस्टमध्ये मुलाचं वजन टाकायचंच राहिलेलं, आणि तरी आजवर औषध बरोबर येत होतं, कारण ॲप आधीच्या फायलीतल्या मुलाचं वजन विसरतच नव्हतं, आणि ते नेमकं जुळत होतं. दवाखान्यात एखाद्या तान्ह्याचं वजन टाकायचं राहिलं, तर त्याला आधीच्या थोराड पोराचं औषध?

तिनं सरांना फोन लावला. "सर, एकाचं वजन दुसऱ्याला लागतंय." ॲप सोमवारी सुरू व्हायचं होतं.

संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली. आता वजन टाकल्याशिवाय औषध दिसतच नाही. सर इतके खूश, म्हणाले, "अशा अजून किती लपल्यात कोण जाणे. तुला जमतंय, तर सगळ्याच फायली बघ. एकेक, एकटी."

एकच हवी होती बघा तिला...

आईनं विचारलं, "झालं का ग तुझं?"

"हो," वेदश्री म्हणाली, "एक झाली."