दाव्याची गाठ

नाही, दीपमाला, 'आहे' नको लिहू — 'होता' लिही. मास्तर होता माहा इंद्रजित. इथंच दिग्रसात, तुह्या या कंप्युटरच्या दुकानापासून चार घरं सोडून, इंग्रजीची शिकवणी घे. — काय म्हणते? इंग्रजीत त्याले वेगळं हाय? 'हॅड बीन'? म्हणजे मंग काहीतरी झालं, त्याच्याही आधी होता, असं? हौ, तेच टाक बाई. आपल्याकडं नुसतं 'होता' म्हटलं का लोकं फोटोले हार घालते. केरळातल्या आश्रमवाल्याइले वाटाचं, बुढा मेलेल्या पोराचं सांगून राह्यला.

लिही — इस्त्रीचा सदरा घाले. त्याच्या मायले, तुळसाबाईले, चुलीपाशी बसून सही शिकवली त्यानं. हसे लय. — मंग काय झालं? ते कायले पाह्यजे? ... बरं. डोकं फिरलं. भर उन्हात पुसदच्या रस्त्यावर उभा राहे, येत्या ट्रकाइले शिकवे. हात वर करा म्हणे.

हा फोटो आश्रमवाल्याइनंच पाठोला, त्याइले सापडलेल्या माणसाचा. दाढी पाह्य, छातीपर्यंत. तुळसा म्हणते हाच हाय. पण आश्रमवाले अंगावरची खूण मागते, खुणेशिवाय सोडत नाही म्हणते. खूण काही नाही. 'नाही' लिही. — थांब. थांब, दाबू नको.

डाव्या पायाले हाय. घोट्याच्या वर, गोल, बांगडीवानी. दाव्याची हाय. बैलाचं दावं, पोरी. मीच बांधे. ट्रकाखाली आला असता ना! — अशी नको पाहू माह्याकडं. पाच महिने गोठ्यात होता, पण घास मी माह्या हातानं भरवला. तुळसा तेल लावे पायाले.

सुटला कसा? पोलिसाइले सांगतलं ना, गाठ ढिली झाली. झाली ढिली. — चाळीस वर्सं बैल बांधले मी, दीपमाला. माह्या हातची गाठ एका बैलानं सोडली नाही. त्या दिवशी तो मले म्हणे, 'बाबा, मी मास्तर आहे ना?' मी खाली वाकलो, गाठ बांधल्यासारखी केली, अन् जेवाले गेलो. वाटलं, जाऊ दे. कुठंतरी जाऊ दे. अन् जेवलो बी मी, पोरी. पोटभर जेवलो. — तुळसाले ठाऊक नाही. तिकडं बस स्टँडवर बसली हाय, त्याचा सदरा मांडीवर घेऊन.

हे नको लिहू. पायाचं तेवढं लिही. — नाही, लिही. आश्रमात कोणी त्याले वाचून दाखवीन, तर त्याले वाटलं नाही पाह्यजे का तोच पळाला. लिही — बापानं गाठ सोडली होती, अन् बापच न्याले येऊन राह्यला.

झालं? नको, वाचून नको दाखवू मले. दाब ते बटन.