भट्टीची पूजा

बसा ना जी मंगेशभाऊ, इतकी काय घाई — नागपूरची गाडी याले टाइम आहे अजून. टिकल्या? देतो ना. सासुरवाडीले रामाकोन्याले आले दसऱ्यासाठी, अन् जाता जाता माह्या ह्या भट्टीत भाजलेल्या टिकल्या न्याले सौंसरात उतरले — कोण करते एवढं? उद्या तुमच्या लॅबची मशीन माह्या नावानं आहे, मालूम आहे मले. उद्याचं चुकलं की पीएचडीतून नाव कटते, तेही मालूम आहे. मी शाळेचा मास्तर, पंचेचाळिशी उलटली — आता कोण मुदत वाढवून देईन? कोणी नाही.

ते पलंगावर दिसून राहिले ना, ते आमचे बाबा. नाकात नळी आहे ती ऑक्सिजनची — लाइट गेली की सिलेंडर लावा लागते. त्याहिले ऐकू कमी येते, बोला तुम्ही. एकदा म्हणे, वीरेंद्र, मागच्या खोलीत त्या भट्टीत काय भाजून राहिला तू? आता बाबाले ऑक्साइड कसं सांगता? म्हटलं, बाबा, बस ठासून भरली की कोणी हालू शकते काय? नाही. पण चार सीटा रिकाम्या ठेवल्या, तर मागचा माणूस सरकत सरकत दारापर्यंत येते. टिकलीतही तसंच — लॅन्थॅनमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियम घातलं की ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहते, अन् हवेतला ऑक्सिजन त्या जागा धरत धरत पलीकडे निघते. निव्वळ ऑक्सिजन. बाबा असे खूश झाले — म्हणे, मंग माह्यासाठीच करून राहिला तू! मी हो म्हटलं नाही. म्हणजे — नाहीही म्हटलं नाही. आठशे डिग्रीवर चालते ते, माणसाच्या नाकाशी कसं लावता? अन् डॉक्टरनं नागपूरले भरती करा म्हटलं, तर बाबा म्हणे, कशाले, पोराची टिकली होऊनच राहिली — चहा घ्या ना, थंडा होऊन राहिला.

दसऱ्याले हत्यारं पुजते ना आपल्याकडे — विळे, वखर, सायकल सारं. मी गावात सोनं वाटाले गेलो होतो. बाबाले वाटलं, पोराचं हत्यार म्हणजे भट्टीच. उठले पलंगावरून — नळी तिथवर पुरली नाही, तर नाकातून काढून ठेवली अन् भिंत धरत गेले. भट्टीचं दार उघडून आतल्या एकेका टिकलीवर हळदकुंकू, अक्षता — ओलं करून, दाबून. मंग दार नीट लावून दिलं. मी आलो, शेवटची भाजणी बाकी होती, बटन दाबलं. आत पाहिलं काय? नाही. स्वतःच ठेवलेलं कोण पाहते?

ह्या पाहा. खालून काळ्याच आहे. उलटवा — ते पांढरं दिसते ना? कुंकवातला चुना, तांदळाची राख, बाराशे डिग्रीवर आत भिनली. घासून पाहिलं, तडे गेले. आता मोजान काय यातून? टिकल्यांची पावडर संपली. नवी कराले महिने लागते.

थांबा — काय बाबा? हो, हेच ते नागपूरचे! हो, पाहिल्या त्याहिनं! चांगल्या झाल्या म्हणते! हो, उद्याच लावते मशीनवर!

तुम्ही बोलू नका काही. मान हलवा नुसती. अन् ही टिकल्यांची डबी खिशात घाला — त्याहिच्यासमोर. हं. निघा आता, गाडी चुकन तुमची.